दोन बरे, एक डबल्स

मराठी घरात त्रिनिदादच्या पोर्ट ऑफ स्पेनचं नाव शिरलं ते क्रिकेटच्या दारातून. १९७१ च्या मार्चमध्ये अजित वाडेकरांच्या संघाने तिथल्या क्वीन्स पार्क ओव्हलवर वेस्ट इंडीजला पहिल्यांदाच हरवलं. दिलीप सरदेसाईंनी शतक ठोकलं आणि एकवीस वर्षांच्या सुनील गावसकरांनी पदार्पणातच दोन्ही डावांत अर्धशतकं काढली. पुढच्याच महिन्यात त्याच मैदानावर गावसकरांनी एका सामन्यात १२४ आणि २२० धावा केल्या, तेव्हा लॉर्ड रिलेटर या कॅलिप्सो गायकाने त्यांच्यावर गाणंच रचलं. त्यामुळे त्रिनिदादला पोचलेला मराठी माणूस आधी ओव्हल बघायला निघतो. निघावं. पण रिकाम्या पोटी निघावं, आणि सकाळी सातच्या आत निघावं.

कॅरिबियनमधल्या सुट्टीचं एक ठरलेलं चित्र असतं. पांढरी वाळू, हातात शहाळं, आणि रात्री हॉटेलच्या बुफेत ओळीने मांडलेली चकचकीत झाकणं. त्रिनिदाद या चित्रात बसत नाही. इथे जमिनीतून तेल आणि वायू निघतो, कारखाने चालतात, कचेऱ्या भरतात. बेट पाहुण्यांच्या पैशावर जगत नाही, म्हणून पाहुण्यांसाठी वेगळं रांधायची त्याला गरज पडलेली नाही. कामाला निघालेला माणूस वाटेत थांबून जे खातो तेच इथलं उत्तम खाणं. त्यामुळे 'चांगलं कुठे मिळेल?' असं कुणाला विचारलं की समोरून पत्ता येण्याआधी प्रश्न येतो: 'किती वाजता?' सकाळचं वेगळं, दुपारचं वेगळं, रविवारचं वेगळं, समुद्रावरचं वेगळं. बेटाचा नकाशा घड्याळावर काढलेला आहे.

त्यातला सकाळचा काटा थांबतो डबल्सवर.

पोर्ट ऑफ स्पेनच्या पूर्वेला क्युरेप नावाचा गजबजलेला चौक आहे. उजाडायच्या आधीच तिथल्या पदपथावर छत्र्या उघडतात. छत्रीखाली एक टेबल, टेबलावर पेटी, पेटीत जाड फडक्याखाली झाकलेली पिवळ्या चकत्यांची चळत. शेजारी काबुली चण्यांचं वाफाळतं पातेलं आणि पाच-सहा लहान डबे. भोवती कोंडाळं: युनिफॉर्ममधली शाळकरी पोरं, परिचारिका, टाय बांधलेला बँकवाला, रात्रपाळी संपवून आलेला पोलीस. सगळे उभे. बसायला काही नाही, आणि कुणाला बसायचंही नाही.

मी पहिल्या दिवशी चमचा मागितला. विक्रेत्याने नाही म्हटलं नाही. तो फक्त पुढच्या माणसाकडे वळला. शेजारच्या बाईंनी माझ्याकडे, पंगतीत डाव्या हाताने जेवायला बसलेल्या पोराकडे बघावं तसं बघितलं, आणि आपल्या हातातला कागद माझ्यापुढे धरून खायचं कसं ते दाखवलं. कागद तळहातावर पसरायचा. वरच्या चकतीचा तुकडा चिमटीने तोडायचा. त्यानेच चणे उचलायचे. थोडं वाकून खायचं, म्हणजे रस शर्टावर न पडता रस्त्यावर पडतो.

ती चकती म्हणजे 'बरा'. भोजपुरीतला बरा आणि आपला वडा हे एकाच घरातले. दोघांचं मूळ संस्कृत 'वटक'. मराठीत 'बरा' म्हणजे जेमतेम ठीक, त्यामुळे पहिल्यांदा ऐकताना हसू येतं. खाताना ते मावळतं. वडा म्हटला की आपली जीभ दाताखाली काहीतरी मोडण्याची वाट बघते. हा बरा मोडत नाही. मैदा, हळद, जिरं आणि यीस्ट घालून पीठ इतकं सैल भिजवतात की ते लाटता येत नाही, तेलाच्या हाताने थापूनच कढईत सोडावं लागतं. तिथे तो काही क्षणच राहतो; फुगला, उलटला, काढला. खरं काम त्यानंतर सुरू होतं. गरम बरे एकावर एक रचून फडक्यात गुंडाळतात आणि ते आपल्याच वाफेत मऊ होत जातात. तळलेल्या पदार्थाला वाफ लागली की आपण तो वाया गेला म्हणतो. इथे ती वाफच स्वयंपाकाची शेवटची पायरी आहे. तळणीने बऱ्याला रंग आणि वास दिला, वाफेने अंग दिलं. म्हणून तो घडी घालता येईल इतका लवचिक आणि रस पिऊन घेईल इतका सच्छिद्र होतो.

चणे चव घेऊन पुढे येत नाहीत, आणि ते मुद्दाम. रात्रभर भिजवून, मऊ शिजवून, करी पावडर आणि लसणात घोळवून ते असे पातळसर ठेवतात की अर्धे दाणे अख्खे आणि अर्धे रश्शात विरलेले. मीठ बेताचं. नुसते खाल्ले तर कुणीही म्हणेल, काहीतरी कमी आहे. कमी आहेच, ते डब्यांमधून यायचं आहे. भजनात पेटी सूर धरून ठेवते आणि गळा वर फिरतो, तसे हे चणे तळाशी बसून वरच्यांना जागा करून देतात.

वरचे पाच. चिंचेचं गोड पाणी. काकडीचा कीस, गार आणि पाणीदार. कुचेला, म्हणजे कैरीचा कीस पिळून-वाळवून मसाल्यात आणि मोहरीच्या तेलात मुरवलेलं लोणचं; आपल्या किसाच्या लोणच्याचा चुलतभाऊ, पण रंगाने काळपट आणि स्वभावाने उग्र. मिरचीचं वाटण. आणि एक हिरवी चटणी, जिच्यापाशी मी सगळ्यात जास्त घोटाळलो, कारण वास कोथिंबिरीचा होता आणि कोथिंबीर कुठेच नव्हती.

ती चटणी 'शॅडो बेनी'ची. लांबट, कातरलेल्या कडांचं रानटी पान; वास कोथिंबिरीचाच, पण तिच्या कितीतरी पट दांडगा आणि पान शिजवलं तरी न उडणारा. नाव फ्रेंच मळेवाल्यांच्या बोलीतून आलं, 'शार्दों बेनी', धन्य काटेरी झुडूप. भारतीय वंशाच्या घरांत त्याच पानाला 'बनधनिया' म्हणतात. रानातली कोथिंबीर! या एका शब्दात बेटाच्या स्वयंपाकाची अर्धी गोष्ट आली. ३० मे १८४५ ला 'फतेल रझाक' हे जहाज उसाच्या मळ्यांसाठी गिरमिटिया मजुरांची पहिली तुकडी घेऊन पोर्ट ऑफ स्पेनला लागलं. १९१७ पर्यंत सुमारे १ लाख ४४ हजार माणसं अशी आली. बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश-बिहारच्या पट्ट्यातली, काही मद्रासकडची. त्यांना परक्या रानात ओळखीचा वास आला आणि त्यांनी त्या वासाला घरचं नाव दिलं. पुढे पान बदललं ते बदललंच. आज कोथिंबीर सहज मिळते, तरी डबल्सवर ती कुणी घालत नाही. घातली तर डबल्स फिका पडेल.

आता हे सगळं एकत्र कसं येतं बघा. विक्रेता कागदावर दोन बरे अर्धे एकमेकांवर चढवून ठेवतो, त्यावर चण्यांचा डाव, मग त्याचा हात डब्यांवरून असा फिरतो की कुठला चमचा केव्हा पडला ते दिसत नाही. पहिला घास चिंचेचा लागतो. दुसऱ्यात काकडी मध्येच पाणी मारते. तिसऱ्याला कुचेला सापडतो आणि जीभ दचकते. कुठलेही दोन घास सारखे नसतात, कारण कुणी काही कालवलेलं नाही. कालवायचं काम खाणाऱ्याचं. आपल्या भेळेत भेळवाला सगळं एकजीव करून हातात देतो. डबल्सवाला सामान मांडून देतो आणि रचना तुमच्यावर सोडतो. शेवटी कागदाच्या मधोमध रसात भिजून लिबलिबीत झालेला खालच्या बऱ्याचा तुकडा उरतो. सगळ्या चवी उतरून त्याच्यात गोळा झालेल्या असतात. जाणकार माणूस त्या तुकड्यासाठी बाकीचं खातो.

पण मुळात दोन बरे का? १९३० च्या दशकात बेटाच्या दक्षिणेला, प्रिन्सेस टाउनमध्ये, इमामूल दीन ऊर्फ मामू दीन मसाल्याचे चणे विकत. मग ते चणे एका बऱ्यावर घालून देऊ लागले. गिऱ्हाईक म्हणू लागलं, बरा डबल करा. दीन कुटुंबाची ही हकीकत बेटावर सर्वतोमुखी आहे आणि खाऊन बघितली की पटते, कारण एका बऱ्याला तेवढा रस पेलवत नाही. गंमत अशी की नाव अनेकवचनी राहिलं. दोन बरे मिळून 'एक डबल्स', आणि चार बरे मिळून 'दोन डबल्स'. पाठीत धपाटा बसावा असलं हे व्याकरण; तिथे शाळेतले मास्तरही तसंच बोलतात.

मागायची रीत याहून आखूड. 'टू, स्लाइट.' एवढंच. दोन डबल्स, मिरची किंचित. 'मीडियम' आणि 'प्लेंटी' याही पायऱ्या आहेत. कोल्हापुरी तांबडा रस्सा पचवलेल्या माणसाने इथे छाती पुढे काढू नये. याच बेटाच्या दक्षिण टोकाला मोरुगा नावाचं गाव आहे. तिथली 'मोरुगा स्कॉर्पियन' ही मिरची २०१२ मध्ये न्यू मेक्सिको स्टेट युनिव्हर्सिटीच्या मिरची संस्थेने जगातली सगळ्यात तिखट ठरवली होती. मोजणीत तिचा तिखटपणा २० लाख स्कोव्हिलच्या पुढे गेला. विक्रेत्याच्या वाटणात नेहमी हीच असते असं नाही, पण तिची भावंडं असतात. आपलं तिखट मसाल्यातून घसा धरत येतं. हे तिखट आधी फळासारखा वास देतं, तुम्हाला गाफील ठेवतं आणि मग येतं. 'स्लाइट' म्हणण्यात भित्रेपणा नाही. थेंबभर मिरचीत चिंच गोड लागते, ओंजळभर मिरचीत चिंचच लागत नाही.

हा एक पदार्थ असा नीट वाचला की बेटावरचं बाकीचं खाणं वाचणं सोपं जातं. लिपी तीच आहे.

सकाळी डबल्स नको असेल तर रोटीच्या दुकानात 'सादा' मागावा. तव्यावर भाजून फुगवलेली जाड सादा रोटी, आणि तिच्याबरोबर चोखा. वांगं किंवा टोमॅटो विस्तवावर काळं होईस्तोवर भाजायचं, कुस्करायचं आणि वरून लसणाचं कडकडीत तेल ओतायचं. या ओतण्याला तिथे 'चंके' म्हणतात, हिंदीतलं छौंकना. इंग्रजी बोलणारी बाई 'आय चंके इट' म्हणते, तेव्हा डोळे मिटले तर फोडणीचा चर्र आवाज आणि तो शब्द एकच वाटतात. खानदेशी भरीत जिभेवर असलेल्याला हा चोखा परका वाटणार नाही. शेंगदाण्यांवाचून तेवढं चुकल्यासारखं होईल.

दुपार दालपुरीची. पुरणपोळीचं तंत्र माहीत असलेल्याने ही पुरी हातात घेऊन आधी उजेडाकडे धरावी. आत पिवळ्या वाटाण्याच्या डाळीचं सारण आहे, पण ते पुरणासारखं ओलसर नाही. डाळ बोटाने चेपेल इतपतच शिजवून कोरडी दळतात, त्यात जिरं आणि मीठ. थाळीएवढ्या रोटीत ती कडेपर्यंत पसरते आणि कुठे फुटत नाही. आपल्या घरी पोळी कडेपर्यंत भरली म्हणून सुनेचं कौतुक होतं. तेच कौतुक इथे दुकानदाराच्या वाट्याला येतं. मग त्यात बटाटा-चणे, भोपळा किंवा बकऱ्याची करी भरून पाकिटासारखी घडी घालतात. याच दुकानात 'बस-अप-शट' मिळते: थरांचा पराठा, जो तव्यावरच लाकडी उलथन्यांनी झोडपून फाडतात. फाटक्या शर्टासारखा दिसतो म्हणून नाव 'बस्टेड-अप शर्ट', बोलीत गोल होऊन बस-अप-शट. एवढे थर मन लावून घडवायचे आणि शेवटी फाडून टाकायचे! पण फाटलेल्या प्रत्येक कडेला रस्सा धरतो. शोभा पोळीची गेली, घासाची वाढली.

संध्याकाळी गाडी असेल तर दक्षिणेला डेबेला जावं. रस्त्याकडेला टपऱ्यांची रांग, कढया पेटलेल्या. फुलोरी, आलू पाय, बैगनी, कचोरी, आणि सहीना. सहीनापाशी मराठी माणूस थबकतो, कारण ती उघड उघड अळुवडी आहे. अळूच्या पानांना डाळीचं पीठ फासायचं, गुंडाळायचं, कापायचं, तळायचं. फरक एकच: आपण चिंच-गूळ पानाच्या आत घालतो, डेबेत चिंचेची किंवा आंब्याची चटणी वरून ओततात. आपली अळुवडी स्वतःपुरती पूर्ण असते. सहीना चटणीची वाट बघत बसते, जसे चणे बसले होते.

तेच अळू रविवारी दुपारी दुसऱ्याच वेषात भेटतं. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांच्या वंशजांच्या घरांत रविवारच्या जेवणात 'कॅललू' असतो: अळूची पानं, भेंडी, भोपळा, नारळाचं दूध, बहुतेकदा एखादा खेकडा, आणि न फोडता टाकलेली एक मिरची, जी वास देते आणि फुटली तर सगळ्यांचं जेवण बिघडवते. शिजलं की रवीने घोटायचं. आपल्या अळूच्या फदफद्याची ही समुद्रापारची बहीण. शेंगदाण्यांऐवजी नारळ, चिंचेऐवजी खेकडा. ज्या रवीने ते घोटतात तिला कित्येक घरांत 'घुटनी' म्हणतात. म्हणजे पान एकच, एकाने तळलं, दुसऱ्याने घोटलं, आणि घोटायचं हत्यार शेजाऱ्याकडून नाव घेऊन आलं. कॅललूशेजारी मॅकरोनी पाय आणि साखर तेलात करपायच्या काठावर नेऊन रंगवलेली कोंबडी. त्याच करपलेल्या साखरेत तांदूळ आणि ओले तुरीचे दाणे पडले की होतो 'पेलाव'. त्याच्यापुढे आपला पुलाव फार शिष्ट वाटू लागतो.

समुद्र हवा असेल तर उत्तरेला मराकस. डोंगर चढून उतरणारा तो रस्ता दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने बांधला. शागरामसचा किनारा तळासाठी घेतला, त्याची ही भरपाई. वाळूच्या कडेच्या टपऱ्यांवर 'बेक अँड शार्क' मिळतो. बेक भाजलेला नसतो, तळलेला असतो, भटुऱ्यासारखा टम्म. आत शार्क माशाचा तळलेला तुकडा, आणि बाहेर एक लांब टेबल: चिंच, लसूण, शॅडो बेनी, काकडी, अननस, कोबी. परत तेच! सामान मांडलेलं, रचना तुमची. शार्कची संख्या जगभर घटते आहे, म्हणून मी किंगफिश मागितला. तो आपल्या सुरमईच्याच कुळातला, त्यामुळे काही सोडल्यासारखं वाटलं नाही.

शेजारच्या टोबॅगो बेटावर जायचं ते खेकड्यासाठी. स्टोअर बेच्या किनाऱ्यावर बायकांनी चालवलेल्या खानावळींची ओळ आहे, बहुतेकींच्या पाट्यांवर मालकिणीचंच नाव. करीतला खेकडा आणि त्याच रश्शात बुडालेले पिठाचे चपटे गोळे. मालवणी माणूस सांगेल की नारळ कुठे आणि कसा पडला आहे. पण भाकरीऐवजी हा चिवट गोळा का, हे दुसऱ्या नांगीनंतर कळतं. दोन्ही हात खेकड्यात गुंतलेले असताना भाकरी मोडणार कोण? गोळा रश्शातच भिजत राहतो, घाई करत नाही.

एवढं फिरून मी रोज सकाळी परत क्युरेपला यायचो. तिसऱ्या दिवसापासून विक्रेता मला न विचारता 'स्लाइट' घालू लागला. पैसे आधी द्यायचे नसतात. लोक दोन खातात, तीन खातात, मध्येच आणखी एक मागतात, आणि शेवटी तो हिशोब सांगतो, बरोबर. कुठे लिहिलेलं नाही. भोवतीच्या वीस माणसांचे घास तो मनात मोजत असतो आणि हात तिकडे डब्यांवरून फिरत असतो.

निघायच्या दिवशी मला उशीर झाला. दहा वाजून गेले होते. चौक तोच होता, दुकानं उघडली होती, बसथांब्यावर गर्दी होती. छत्री नव्हती, टेबल नव्हतं. कुणाला तरी दाखवावं म्हणून फोटो काढायला मोबाइल वर केला आणि खाली घेतला. फोटोत आलं असतं ते फक्त पदपथाच्या फरशीवरचं चिंचेचं ओलं बोट, आणि तेही उन्हात वाळत चाललं होतं.